तळपायावरील काळा डाग आणि छातीतील पाणी

कर्करोग म्हटले की विदर्भात प्रथम आठवतो तो खर्‍यामुळे होणारा मुखाचा कर्करोग, आणि ते स्वाभाविकही आहे. त्वचेला रंग देणार्‍या पेशींचा कर्करोग, म्हणजे मेलानोमा, आपल्याकडे विरळा. गोर्‍या वर्णाच्या लोकांत तो बहुधा उन्हाने पोळलेल्या त्वचेवर उद्भवतो. भारतात मात्र पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली, म्हणजे जेथे सहसा कोणी पाहत नाही तेथे. अनवाणी राबणारा शेतकरी त्याला मोडलेला काटा किंवा कुरूप समजतो आणि ब्लेडने तासतो. डाग १ मिलिमीटरहून पातळ असताना केलेल्या शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण बरे होतात.

रोग पसरला की काही रुग्णांत फुप्फुसाच्या आवरणात वा उदरपोकळीत पाणी साठते. धाप लागते, पोट फुगते. छातीत पाणी क्षयामुळेही होते. म्हणून ते काढून त्यातील पेशी तपासणे अगत्याचे. पाणी पुनःपुन्हा भरत असेल तर नळी बसवितात किंवा निर्जंतुक शंखजिर्‍याची पूड सोडून आवरणाचे दोन्ही पदर चिकटवितात. त्याने श्वास सुकर होतो. मूळ रोग हटत नाही.

या अवस्थेतील निम्म्याहून अधिक रुग्ण पूर्वी वर्षभरही जगत नसत. २०११ पासून शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करणारी औषधे आली. त्यामागील संशोधनाबद्दल जेम्स अॅलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले. निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के १० वर्षांनंतर जिवंत असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. हे रुग्ण मुख्यतः पाश्चात्त्य होते. तळपायाचा मेलानोमा या औषधांना तितकी दाद देत नाही. ती महागही आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०२२ साली निव्होलुमॅबची अल्प मात्रा उपयुक्त ठरल्याचे दाखविले, पण ते मुख व मानेच्या कर्करोगात. तरीही ‘आता घरी न्या’ हे पूर्वीचे उत्तर आज सर्वांना लागू नाही.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मानेवाडा मार्गावरील राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय (महाराजांचे १९६८ मधील निर्वाण कर्करोगानेच झाले) आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे कर्करोगावर उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधीच विचारावे. पूर्वी कोठे डाग कापून काढला असेल तर त्याचा तपासणी अहवाल व मेणात जतन केलेला नमुना सोबत न्यावा; बीआरएएफ या जनुकाची चाचणी त्यावरच करता येते.