घाम, गुस्ल आणि सुगंध
हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, जुमाच्या नमाजसाठी मदीनेच्या बाहेरील वस्त्यांतून लोक धुळीने माखून, घामाने भिजून येत, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना या दिवसासाठी स्नान करण्यास सुचविले. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतील जिवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा दुर्गंधी सुटते. म्हणून न धुतलेल्या काखेवर अत्तर शिंपडून सफेत उभे राहणे म्हणजे शेजारच्या नमाजीला दुहेरी त्रास! काखेतील केस 40 दिवसांपलीकडे न ठेवण्याची मर्यादाही हदीसमध्ये आहे. डिओडरंट वासाला आवर घालतो; अँटीपर्स्पिरंटमधील अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामच कमी करतात. ओल्या काखेवर फिरविलेली तुरटीही उपयोगी, शिवाय स्वस्त. स्टिकचा जाड थर मात्र गुस्ल करताना धुऊन काढावा. पाणी त्वचेपर्यंत पोहोचलेच पाहिजे. हज-उमराहला निघालेल्यांनी एहरामसाठी बिनवासाचाच प्रकार सोबत घ्यावा.