जीपची डुगडुगणारी काच

रस्ता खराब लागला की जुन्या जीपची पुढची काच बोलायला लागते. आधी नुसती टकटक, मग खडखड, आणि वेग पन्नासच्या वर गेला की सगळी चौकट पुढेमागे हलताना दिसते. गॅरेजमध्ये गेलं की मिस्त्री पाना घेऊन बिजागरीचे बोल्ट आवळतो. आठ दिवस शांतता, पुन्हा तेच. माझ्या सीजे-3बीचे बोल्ट तीन ठिकाणी आवळून झाले. चौथ्या वेळी मी ते स्वतः काढले, रिकाम्या भोकात बोट फिरवलं आणि कोडं सुटलं. भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. अशा भोकात बोल्ट कितीही आवळा, तो पुढेमागे सरकणारच.

दुरुस्तीला हात घालण्याआधी या चौकटीचं काम कसं चालतं ते समजून घ्या. काच बोनेटवर आडवी पाडता येणं हा युद्धकाळातल्या विलीज जीपचा वारसा आहे. काच पाडली की गाडी बुटकी होते, लपवायला सोपी जाते आणि जहाजात जागा कमी खाते. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या तेव्हा ही सोय तशीच आपल्याकडे आली. 1953 साली अमेरिकेत निघालेली उंच बोनेटची सीजे-3बी तिथे 1968 मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे त्यानंतरही बनत राहिली. म्हणून तिचे सुटे भाग आजही जुन्या बाजारात मिळतात. या रचनेत बिजागरीचं काम फक्त फिरण्याचं. चौकट उभी धरून ठेवतात ते दोन बाजूंचे क्लॅम्प आणि खालचं रबर. क्लॅम्प सैल आणि रबर दगडासारखं कडक झालं, की सगळा मार बिजागरीवर येतो आणि तिची भोकं खाल्ली जातात. नुसती भोकं दुरुस्त करून रबर तसंच ठेवलं, तर वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न.

आधी दोष शोधा. हूड काढून टाका, कारण ताणलेलं कापड चौकटीला धरून ठेवतं आणि खरा खेळ दिसू देत नाही. एकाने चौकटीची वरची पट्टी दोन्ही हातांनी धरून हलकेच पुढेमागे करावी, दुसऱ्याने एकेक बिजागरीवर बोट ठेवावं. बोटाला टिचकी लागली तर भोक गेलंय. बिजागरी शांत असून तिच्याखालचा पत्रा फुगतो-दबतो असं दिसलं तर काऊल, म्हणजे बोनेट आणि डॅशबोर्डच्या मधला पत्रा, तिथे तडकलाय. दोन्ही ठीक असतील तर क्लॅम्प पाहा. शेवटी चौकटीची खालची पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, आतून गंजलेला भदभद. आपल्या कोकणात दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीची ही पट्टी बहुधा आतून खलास झालेली असते, वरून रंग कितीही चकचकीत असो.

आता चौकट उतरवायची. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, मग वायपरची जोडणी. बोनेटवर जुनी गोधडी दुहेरी घालून पसरा. क्लॅम्प सोडून चौकट सावकाश आडवी करा. हे काम दोघांचंच आहे, आणि वारा असेल त्या दिवशी करूच नका. बिजागरीच्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलेलं असलं की डोकी तुटत नाहीत.

बोल्टांबाबत एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. या गाड्या इंची मापाच्या. माझ्या बिजागरीला अडीच सुती बोल्ट आहे, म्हणजे 5/16 इंच, मिलिमीटरमध्ये 7.94. तो 8 मिमीच्या बोल्टाशेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण आटे वेगळे. 8 मिमीचा बोल्ट दोन-तीन फेरे खुशाल जातो, मग अडतो, आणि हातात लांब पाना असला की माणूस जोर लावतो. तिथेच काऊलमधल्या नटाचे आटे कायमचे जातात. तेव्हा जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जा आणि नट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघूनच नवा घ्या. निवडताना अर्धवट आट्यांचा घ्या, बिजागरीतून जाणारा भाग गुळगुळीत हवा. पूर्ण आट्यांचा बोल्ट तिथे कानशीसारखा भोक खरवडत राहतो.

लांबट भोकाला बुश हा खरा इलाज. बिजागरीची पाकळी व्हाइसमध्ये पकडून भोक 11 मिमीचं करून घ्या. ड्रिल लांबट भोकाच्या मागे ओढला जातो, म्हणून हातातल्या मशीनने करू नका, लेथवाल्याकडे किंवा पिलर ड्रिलवर करा. त्याच्याकडूनच पितळी बुश करून घ्या: बाहेरून 11, आतून 8, लांबी पाकळीच्या जाडीइतकीच. बुश व्हाइसमध्ये दाबून बसवायचा, हातोडीने ठोकायचा नाही. आतल्या 8 मिमीच्या भोकात 7.94 चा बोल्ट ग्रीसचं बोट लावून असा सरकतो की हाताला खेळ जाणवत नाही आणि अडतही नाही. चारही भोकांना हे करायला लेथवाल्याला अर्धा दिवस पुरतो. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडणंही चालतं, पण पितळ झिजलं तर नवा बुश घालता येतो.

पत्रा तडकला असेल किंवा पट्टी गंजली असेल तर वेल्डिंग आलंच. चौकटीचं वेल्डिंग काच काढल्याशिवाय करू नये, उष्णतेने काच तडकते. काऊलचं वेल्डिंग गाडीवरच करावं लागतं, आणि सीजेची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे ठिणगीपासून हाताच्या अंतरावर. टाकी काढून दूर ठेवा. ओलं पोतं टाकून भागवू नका. तडकलेल्या जागी आतून पत्र्याचं ठिगळ द्या, नुसती भेग भरली तर ती शेजारून पुन्हा फाटते. आणि कुणी चौकटच काऊलला वेल्ड करून ‘कायमचा बंदोबस्त’ करतो म्हणाला तर गाडी तिथून बाहेर काढा. जीपचं अंग वळणावर पिळतं. चौकट जखडली की तो पीळ काचेत जातो.

जुनं रबर पूर्ण खरवडून पत्रा तारेच्या ब्रशने उजळ करा, रेड ऑक्साईडचे दोन हात द्या, सुकू द्या, मग नवं रबर चिकटवा. क्लॅम्प लावल्यावर ते साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. दबलं नाही तर पाणी येईल. फार दबलं तर क्लॅम्पच लागणार नाही आणि तुम्ही तो ताकदीने लावाल.

जोडणीत क्रम महत्त्वाचा. बिजागरीचे सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवा. चौकट उभी करा, दोन्ही क्लॅम्प लावा आणि चौकटीला तिची जागा घेऊ द्या. मगच बिजागरी पत्र्याला धरणारे बोल्ट स्प्रिंग वायसर घालून आवळा. फिरण्याचा बोल्ट मात्र वेगळा: त्याला नायलॉक नट लावा आणि चौकट पाडताना हाताला किंचित विरोध जाणवेल इतकाच आवळा. तो घट्ट केला की काच पाडताना पाकळी वाकते.

रबर नीट लागतंय का हे खडूने कळतं. चौकटीच्या खालच्या कडेला खडू फासा, क्लॅम्प लावा, पुन्हा सोडा. रबरावर पांढरी रेघ सलग उमटली तर काम झालं. मध्ये तुटली तर तिथे पत्रा दबलाय, रबराखाली पातळ पट्टी घाला. मग आत एकाला वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसवा आणि बाहेरून पाच मिनिटं पाइपने पाणी मारा. कागदावर थेंब कुठे पडतो ते बघून त्या बाजूचा क्लॅम्प एक फेरा घ्या.

साधारण पन्नास किलोमीटर, त्यातले थोडे कच्च्या रस्त्याचे, झाले की सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. नवं रबर बसतं आणि क्लॅम्प अर्धा-पाऊण फेरा सैल होतात. बिजागरीचे बोल्ट जागचे हललेले नसतील तर त्यांना पाना लावू नका.