पोरीला कोणत्या हायस्कुलात घालावे?

पोरगी आठवी पास झाली. गावची शाळा आठवीपर्यंतच आहे. आता पुढे काय? मे महिन्यात कितीतरी घरांत हा प्रश्न पडतो.

असे एक घर मनात आणू. बाप म्हणतो, "बाजारगावच्या हायस्कुलात घालू. फलकावर लिवलंय, निकाल शेकडा 98."

आई म्हणते, "अवं, ते तीन कोस लांब. नदीपल्याडची शाळा काय वाईट हाय?"

"तिचा निकाल 87 च हाय की."

आम्ही या दोघांना म्हणू, जरा थांबा. फलक खोटा नाही. पण फलक सगळे सांगत नाही. पाटी घ्या, हिशेब मांडू.

बाजारगावच्या शाळेत नववीला 60 मुले होती. दहावीच्या परीक्षेला बसली 45. पास झाली 44. बसलेल्या 45 पैकी 44, म्हणून निकाल 98 च्या घरात. बरोबर आहे. पण मग बाकीची 15 मुले कुठे गेली?

नदीपल्याडच्या शाळेत नववीला 50 मुले. परीक्षेला बसली 48. पास 42. निकाल साडेसत्त्याऐंशी.

आता नववीपासून मोजा. पहिल्या शाळेत 60 पैकी 44, म्हणजे शेकडा 73. दुसरीत 50 पैकी 42, म्हणजे शेकडा 84. पारडे फिरले की नाही?

गळालेल्या मुलांचा सगळा दोष शाळेवर घालू नये. कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते. कोणाची बदली होते. पण कुठे कुठे असेही चालते, की कच्च्या मुलाला नववीत बसवून ठेवतात. नाहीतर सांगतात, "तू 17 नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा दे." मूल शाळेच्या हिशेबातून गेले, की फलक चकचकीत राहतो. आपले पोर हुशार असेल तर फारसे बिघडत नाही. पण पोर गणितात कच्चे असेल, तर त्याला धरून ठेवणारी शाळाच आपल्या कामाची.

शाळा कोणाची, हेही विचारावे. जिल्हा परिषदेची हायस्कुले असतात. त्याहून जास्त शाळा संस्थांच्या असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. गरिबांच्या पोरांनी काम करावे आणि शिकावे, अशी त्यांची रीत होती. संस्थेची शाळा अनुदानित असेल, तर मास्तरांचा पगार सरकार देते आणि फी थोडी असते. विनाअनुदानित असेल, तर खर्च पालकांवर येतो. नाव घालण्याआधी वर्षाची सगळी रक्कम विचारून घ्यावी, आणि पैसे भरल्यावर पावती घ्यावी.

नवोदय विद्यालयाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथे राहणे, जेवण, शिक्षण सरकारकडून. निदान शेकडा 75 जागा खेड्यातल्या मुलांना असतात. पण सहावीत जायची परीक्षा पाचवीतच द्यावी लागते. आठवी झालेल्या पोरीची ती वेळ गेली. धाकटा भाऊ चौथीत असेल, तर त्याच्यासाठी आत्ताच ध्यानात ठेवा.

आता खर्चाचे. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तो 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शाळेतले दुपारचे जेवणही आठवीपर्यंतच. नववीला हा आधार सुटतो, आणि पुष्कळ पोरी नेमक्या इथेच घरी बसतात. पण एक सोय बऱ्याच जणांना ठाऊक नसते. खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एस.टी.चा पास फुकट मिळतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. शाळेत विचारा.

पास फुकट असला, तरी गाडी वेळेवर पाहिजे. शाळा पाच वाजता सुटते आणि गाडी साडेसातला येते, असे असेल तर पोरगी अडीच तास स्टँडवर बसणार. पावसाळ्यात नदीवरचा पूल पाण्याखाली जातो का, तेही बघा. शाळेत मुलींचा संडास आहे का? त्याला कडी आहे का, पाणी आहे का? हे विचारायला लाजू नये. एवढ्यासाठी पोरी महिन्यातून चार चार दिवस घरी राहतात.

मास्तरांचेही विचारा. गणिताला आणि इंग्रजीला कायमचे मास्तर आहेत, की जागा रिकामी आहे? हे शाळेत शिकणारी शेजारची पोरे खरे सांगतात.

आमच्या मनातल्या घरातली आई आता पदर खोचून उठली आहे. ती म्हणते, "उद्या दोन्ही शाळांत जाऊ. हेडमास्तरांना विचारू, नववीत पोरी किती व्हत्या, अन् दहावीला बसल्या किती."

बाप म्हणतो, "अन् गाडीचं?"

"जाताना एस.टी.नंच जाऊ. येताना पाचच्या शाळेनंतर स्टँडवर उभं राहून बघू, गाडी कवा येती ती."