रंग काढला की फोटो सपाट का होतो?

प्रश्न : मी मुंबईत रस्त्यावरचे फोटो काढते. ते कृष्णधवल केले की सगळे राखाडी दिसतात. काय चुकते?

उत्तर : लाल साडी आणि हिरवी भाजी डोळ्यांना वेगळ्या दिसतात, पण दोन्हींची उजळता सारखी असेल तर कृष्णधवलात त्या एकाच राखाडी छटेत मिसळतात. म्हणून रंग नव्हे, उजेड-सावली शोधा. फोर्टमधल्या कमानींखाली सकाळी किंवा चारनंतर तिरपे ऊन येते. उजळ पट्टा निवडून थांबा आणि माणूस त्यात आला की बटण दाबा.

कॅमेरा मोनोक्रोमवर, पण फाइल रॉ ठेवा. पडद्यावर छटा दिसतील आणि रंगांची माहितीही शाबूत राहील. नंतर संपादनात लाल उजळ, हिरवा गडद करून दोन्ही वेगळे काढता येतात. शटर १/२५० सेकंद, अॅपर्चर एफ/८ ठेवा. एक्सपोजर उजळ भागावर बेतून सावली खुशाल काळी होऊ द्या.

सूनी तारापोरवाला यांची मुंबईची कृष्णधवल छायाचित्रे जरूर अभ्यासा. त्यांत माणसांविषयीची आपुलकी दिसते. तंत्र सरावाने येईल. ही आपुलकी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. कुणी नको म्हटले, तर कॅमेरा खाली घ्या.