हिशेबाच्या तक्त्यांतील सूत्रें डोळ्यांस कशीं दिसावीं

डहाणू तालुक्यांतील घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु बाग स्वतः राखावी, कीं फळ मक्त्यानें द्यावें, हा निर्णय मालाच्या लौकिकावर होत नाहीं. तो हिशेबावर होतो. हा हिशेब संगणकावरील तक्त्यांत, म्हणजे स्प्रेडशीटमध्यें, मांडल्यास श्रम वाचतात. मात्र त्यांत एक धोका आहे. त्याचा विचार येथें करूं.

असा तक्ता डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं अमेरिकेंत १९७९ सालीं ‘व्हिजिकॅल्क’ या नांवानें प्रचारांत आणला. त्यांतील घरांत आंकडा तरी लिहावयाचा, किंवा सूत्र तरी. एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेलीं सर्व उत्तरें आपोआप बदलतात. दोष इतकाच, कीं घरांत उत्तर दिसतें, सूत्र दिसत नाहीं.

उदाहरणार्थ, पट्टीप्रमाणें हातीं आलेली चार तोडण्यांची रक्कम ४ ते ७ या ओळींत अनुक्रमें १२,०००, ११,५००, ९,८०० व १०,७०० रुपये अशी मांडली आहे. तिची बेरीज, ४४,००० रुपये, वर दुसऱ्या ओळींत येते. पुढें पांचव्या तोडणीचे ९,००० रुपये आठव्या ओळींत लिहिले. पण सूत्र सातव्या ओळीपाशींच थांबलेलें राहिलें. खर्च ४७,००० रुपये असेल, तर तक्ता ३,००० रुपये तोटा दाखवील. वास्तविक नफा ६,००० रुपये आहे. या खोट्या तोट्यास भिऊन बाग मक्त्यानें दिली, तर होणारें नुकसान मात्र खरें असेल. अशी चूक नवशिक्यांच्याच हातून होते असें नाहीं. हार्वर्ड विद्यापीठांतील दोन अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या निबंधांत सरासरीच्या सूत्रांतून पांच देश सुटले होते. तें २०१३ सालीं उघडकीस आलें.

यावर उपाय म्हणजे सूत्र चित्ररूपानें पाहणें.

१. चौकट. बेरजेच्या घरावर दोनदां टिचकी मारावी. सूत्रांत धरलेल्या घरांभोंवतीं रंगीत चौकट उमटते. आठवी ओळ तिच्याबाहेर राहिली असल्यास तत्काळ ध्यानांत येतें.

२. बाण. एक्सेलमध्यें ‘ट्रेस प्रिसिडेंट्स’ ही आज्ञा दिली असतां मूळ आंकड्यांकडून उत्तराकडे बाण काढले जातात. पाटाचें पाणी कोणत्या वाफ्यांत गेलें व कोणता वाफा कोरडा राहिला हें बांधावरून दिसावें, तसा हा प्रकार आहे. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्यें हीच सोय ‘डिटेक्टिव्ह’ या नांवानें आहे.

३. रंगभेद. हातानें लिहिलेल्या आंकड्यांचीं अक्षरें एका रंगाचीं व सूत्रांचीं दुसऱ्या रंगाचीं ठेवावीं; म्हणजे सूत्रावर चुकून आंकडा लिहिला जाण्याचा संभव कमी होतो.

अमेरिकेंतील ओरेगॉन राज्य विद्यापीठांत मार्गारेट बर्नेट व त्यांचे सहकारी यांनीं हाच विचार पुढें नेला. त्यांच्या ‘फॉर्म्स-३’ या प्रायोगिक तक्त्यांत न तपासलेल्या सूत्राच्या घरास तांबडी, अंशतः तपासलेल्यास जांभळी व पूर्ण तपासलेल्यास निळी किनार असे. उत्तर पडताळून माणसानें खूण केली म्हणजे किनारीचा रंग पालटे.

ही रीत आपणांस साध्या तक्त्यांतही पाळतां येईल, मग हिशेब डहाणूच्या चिकूचा असो वा तलासरीच्या भाताचा. पट्टीशीं व पावत्यांशीं ताडून पाहिलेल्या घरास निळा रंग द्यावा. तोंपर्यंत तें तांबडें ठेवावें. तांबडें घर शिल्लक असतां कर्जाच्या वा मक्त्याच्या कागदावर सही करूं नये.