क्लोरोफॉर्म: हृदय आणि यकृत यांना असलेला धोका

चित्रपटांतील रुमालामुळे क्लोरोफॉर्म हुंगताच माणूस निपचित पडतो अशी समजूत रूढ झाली आहे. प्रत्यक्षात बेशुद्धी येण्यास त्याची वाफ काही मिनिटे सलग श्वासावाटे जावी लागते, आणि भूल देणारी मात्रा व प्राणघातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. एडिंबरा येथील जेम्स यंग सिम्सन यांनी नोव्हेंबर 1847 मध्ये हे द्रव्य भुलीसाठी वापरात आणले, आणि जानेवारी 1848 मध्येच न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेत दगावली.

असे मृत्यू कशाने होतात, हे शोधण्यासाठी एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजामाच्या खर्चाने 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादेत दोन आयोग नेमले गेले. प्राण्यांवर असंख्य प्रयोग करून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की आधी श्वास थांबतो व मग हृदय, म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. एवढ्या परिश्रमांनंतरही तो अपुराच ठरला. गुडमन लेव्ही यांनी 1911 च्या सुमारास दाखवून दिले, की भूल हलकी असताना रक्तात ॲड्रेनलिन (भीती वा वेदना झाल्यास स्रवणारे संप्रेरक) वाढले, तर हृदयाचे खालचे कप्पे तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि रक्ताभिसरण थांबते. मात्रा कमी म्हणजे धोका कमी, हे गणित येथे चुकते.

यकृतावरील परिणाम मात्र उशिरा दिसतो. क्लोरोफॉर्मचे विघटन करताना यकृतातच फॉस्जीन हे विषारी संयुग तयार होऊन पेशी मरतात आणि एकदोन दिवसांनी मळमळ, उलट्या व कावीळ सुरू होते. नियमित मद्यपान करणाऱ्यांना व उपाशी व्यक्तींना हा धोका अधिक असतो.

भुलीसाठी आता अधिक सुरक्षित औषधे असली, तरी प्रयोगशाळांत आणि ॲक्रिलिकच्या पाट्या जोडणाऱ्या छोट्या दुकानांत हा द्रव अजूनही हाताळला जातो. तेथील कामगारांनी तो हवेशीर जागीच वापरावा. चक्कर आल्यास त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत नेऊन शांत पडू द्यावे, धावपळ करू देऊ नये, श्वास मंदावल्यास लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना या संपर्काची माहिती देऊन यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. उजेड व हवा लागल्याने बाटलीतही फॉस्जीन तयार होत असल्याने हा द्रव गडद रंगाच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावा. जुन्या बाटलीत काय आहे, हे हुंगून पाहू नये.