अत्यावश्यक कशाला म्हणावे?
टाळेबंदीतील गांजा व दारूची दुकाने : एक अभ्यास

कोविड-१९ च्या साथीने जे शब्द घरोघर पोहोचवले, त्यांत ‘अत्यावश्यक सेवा’ या शब्दाचा क्रम बराच वरचा आहे. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. किराणा, दूध, भाजीपाला, औषधे, दवाखाने, बँका एवढे चालू राहिले आणि बाकी सर्व व्यवहारांना कुलूप लागले. बँकेत कारकुनी करीत असल्यामुळे आम्हीही या यादीत आलो. ओळखपत्र गळ्यात घालून रिकाम्या रस्त्याने कामावर जाताना, या यादीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे हे ठरते तरी कसे, असा प्रश्न आमच्या मनात येई. पुढे अमेरिकेतील काही राज्यांनी गांजाची दुकानेही ‘अत्यावश्यक’ ठरवली असे वाचनात आले आणि हा प्रश्न अधिक जवळून तपासावासा वाटला. पुष्कळांनी ती बातमी हसण्यावारी नेली. आमच्या मते ती हसून सोडून देण्याजोगी नाही, कारण तोच पेच दारूच्या रूपाने आपल्या नाशकातही येऊन उभा राहिला होता.

परदेशातील उदाहरण

अमेरिकेत मध्यवर्ती सरकारच्या कायद्याने गांजा निषिद्ध आहे. मात्र अनेक राज्यांनी आपापल्या हद्दीत तो कायदेशीर केला आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ साली रुग्णांसाठी गांजाला मुभा दिली. कोलोराडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांना दुकानातून उघडपणे गांजा विकत मिळू लागला. मार्च २०२० मध्ये शहरे बंद करण्याची वेळ आली तेव्हा या दुकानांचे काय करायचे, हे राज्यकर्त्यांना ठरवावे लागले.

सॅन फ्रान्सिस्को शहराने प्रथम ही दुकाने बंद राहतील असे सांगितले आणि लगेच दुसऱ्या दिवशी निर्णय फिरवून ती अत्यावश्यक ठरवली. डेन्व्हर शहरात २३ मार्च रोजी दारूची आणि शौकासाठी गांजा विकणारी दुकाने बंद करण्याचा हुकूम निघाला. तो ऐकताच दुकानांपुढे एवढ्या रांगा लागल्या की काही तासांतच हुकूम बदलावा लागला. रोग पसरू नये म्हणून काढलेल्या हुकमानेच गर्दी गोळा झाली होती! नेदरलँड्समध्येही याच महिन्यात गांजा विकणारी ‘कॉफी शॉप’ बंद झाली आणि एकदोन दिवसांतच माल बाहेर नेण्यापुरती उघडली. दुकान बंद झाले की गिऱ्हाईक गल्लीतल्या चोरट्या विक्रेत्याकडे वळते, हा अनुभव त्या देशाच्या गाठीशी होता.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावीत अशी दोन उदाहरणे म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये. मॅसॅच्युसेट्समध्ये दारूची दुकाने उघडी राहिली, रुग्णांना गांजा देणारी दुकानेही उघडी राहिली. शौकाच्या गांजाची दुकाने मात्र २४ मार्चपासून २५ मेपर्यंत बंद होती. शेजारच्या राज्यांतून गिऱ्हाइके येतील, असे कारण गव्हर्नरांनी दिले. पेनसिल्व्हेनियात दारूची दुकाने सरकारी मालकीची आहेत. ती बंद झाली आणि औषधी गांजाची दुकाने चालू राहिली. साथ एक, देश एक, पण याद्या दोन. तेव्हा ‘अत्यावश्यक’ हा वस्तूच्या अंगचा गुण नाही हे उघड आहे. ती वस्तू कोणाला, कशासाठी हवी आहे, आणि ती बंद केल्याने काय बिघडेल, यावरून ते ठरते.

आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने यात आणखी एक गंमत आहे. मध्यवर्ती कायद्याच्या भीतीने अमेरिकेतील बहुतेक बँका गांजाच्या दुकानदारांशी व्यवहार करायला कचरतात. त्यामुळे हा धंदा मोठ्या प्रमाणात रोखीने चालतो. साथीत लहान धंद्यांना मध्यवर्ती सरकारने जे साहाय्यक कर्ज दिले, तेही या दुकानांना मिळू शकले नाही. एक सरकार त्यांना अत्यावश्यक म्हणत होते आणि दुसरे सरकार त्याच धंद्याला गुन्हा मानत होते.

आपल्याकडील स्थिती

आपल्याकडे गांजाचे दुकान हा विषयच उद्भवत नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी आहे. झाडाची नुसती पाने व बिया या व्याख्येबाहेर राहिल्यामुळे राजस्थान, उत्तर प्रदेश यांसारख्या राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. पूर्वी असे नव्हते. इंग्रज सरकारने १८९३ साली या विषयावर एक आयोग नेमला होता. त्याने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरे, असा निष्कर्ष काढला. तीच री आमच्या सरकारांनी दारूच्या बाबतीत आजवर ओढली आहे.

टाळेबंदीत दारूची दुकानेही बंद झाली. केंद्राच्या १५ एप्रिल २०२० च्या सूचनांत दारू, गुटखा व तंबाखू यांच्या विक्रीस सक्त मनाई होती. पण राज्यांच्या तिजोऱ्या कोरड्या पडू लागल्या. महाराष्ट्राला मद्यावरील उत्पादन शुल्कातून वर्षाला सुमारे १५ हजार कोटी रुपये मिळत होते, ते थांबले. अखेर ४ मे पासून सहा फुटांचे अंतर आणि एका वेळी पाचच गिऱ्हाइके, या अटींवर विक्रीला परवानगी मिळाली. त्या दिवशी मुंबई, पुणे आणि आपले नाशिक येथे दुकानांपुढे काय झुंबड उडाली, ते सर्वांनी पाहिले आहे. मुंबईत तर दोन दिवसांत दुकाने पुन्हा बंद करावी लागली. दिल्ली सरकारने दारूवर ७० टक्के ‘विशेष कोरोना शुल्क’ बसवले, तरी रांगा हटल्या नाहीत. ८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने विक्री रोखण्यास नकार दिला आणि राज्यांनी घरपोच विक्रीचा विचार करावा असे सुचवले. मेच्या मध्यास महाराष्ट्रात परवानाधारकांसाठी घरपोच दारू सुरू झाली.

हा परवाना म्हणजे मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अवशेष आहे. आपल्या राज्यात कायद्याने आजही पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, आणि मुळात तो ‘आरोग्यासाठी’ दिला जाई. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदानेही मादक पेयांच्या बंदीसाठी झटावे असे सांगताना औषधी उपयोगाचा अपवाद ठेवला आहे. औषधाच्या वाटेने नशा आत येते, ही अडचण नवी नाही.

४ मे या तारखेला आणखी एक महत्त्व आहे, ते कोणी फारसे लक्षात घेतले नाही. जनधन खाते असलेल्या महिलांना केंद्र सरकारने एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये दिले. मे महिन्याचा हप्ता ४ मे पासून काढता येणार होता. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून वार ठरवले होते : ० व १ असलेल्यांनी ४ तारखेला, २ व ३ असलेल्यांनी ५ तारखेला, असे पुढे. म्हणजे ज्या सकाळी बँकेपुढे बायांची रांग लागली, त्याच सकाळी दारूच्या दुकानापुढे पुरुषांची. आमच्या काउंटरवर एका बाईंनी पैसे काढण्याची भरलेली स्लिप परत मागून घेतली. “दुकानं उघडलीत साहेब, आता राहू द्या खात्यातच,” एवढेच त्या बोलल्या आणि चुन्याच्या गोलातून बाहेर पडल्या. राज्याच्या अंदाजपत्रकात जे उत्पन्न म्हणून दिसते, ते या घरात खर्च म्हणून दिसते. आणि ५०० रुपयांच्या मदतीतला किती भाग फिरून तिजोरीत गेला, याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत नाही.

धम्माच्या दृष्टीने विचार

पाचवे शील आपण नित्य म्हणतो. सुरा, मेरय, मद्य या प्रमादाला कारण होणाऱ्या गोष्टींपासून अलिप्त राहण्याची शिकवण त्यात आहे. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत, त्यांत धनहानी पहिली येते. मग कलह, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. एवढे वाचून कोणी म्हणेल की मग चर्चाच संपली. पण ती संपत नाही.

विनयपिटकातील महावग्गात औषधांचे एक प्रकरण आहे. पिलिंदवच्छ या भिक्खूंना वाताचा विकार झाला, तेव्हा वैद्यांनी तेल कढवून त्यात मद्य घालण्यास सांगितले. भगवंतांनी त्यास अनुमती दिली. पुढे काही भिक्खूंनी त्यात फार मद्य घातले आणि ते पिऊन झिंगले. तेव्हा नियम झाला, की मद्याचा रंग, वास, चव कळणार नाही इतकेच ते तेलात असावे. जास्त मद्याचे जे तेल आधीच तयार झाले होते, ते फेकून द्यायला सांगितले नाही. अंगाला चोळायला वापरण्याची मुभा दिली. त्याच ठिकाणी ‘भंगोदक’ या शेकाच्या पाण्याचा उल्लेख येतो. काही अभ्यासक त्याचा अर्थ भांगेचे पाणी असा करतात, तर अट्ठकथेत नाना पानांचा काढा असा खुलासा आहे. अर्थ कोणताही घ्या, दुखणे कोणते, मात्रा किती आणि नशा चढते की नाही, या तीन गोष्टींची चौकशी त्या काळीही झाली होती, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

ही कसोटी २०२० ला लावून पाहावी. आकडीच्या काही दुर्धर प्रकारांत किंवा कर्करोगाच्या उपचारातील मळमळीवर ज्याला गांजापासून बनवलेले औषध दिले जाते, त्याचे दुकान बंद करणे म्हणजे औषधाचे दुकान बंद करणे होय. शौकाच्या गिऱ्हाइकाचे तसे नाही. गांजा एकदम सुटला तर झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. पण त्याने सहसा जीव जात नाही. दारूचे मात्र वेगळे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तुटली तर कंप, भ्रम, आकडी येऊन मृत्यूही ओढवू शकतो. केरळ सरकारने ३० मार्च २०२० रोजी अशा रुग्णांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता. डॉक्टरांच्या संघटनांनीच त्याला विरोध केला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. डॉक्टरांचे म्हणणे रास्त होते. या अवस्थेवर दवाखान्यात देण्याची औषधे आहेत. बाटली हे त्यावरचे औषध नव्हे.

बाबासाहेबांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र ठेवून वाचाव्यात. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात, विकासासाठी पैसा उभा करण्याच्या मार्गांत दारूबंदी रद्द करणे हाही एक मार्ग सांगितला आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती शोधणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ती दिसत नाही. सरकारने काय बंद करावे हा प्रश्न कायद्याचा व तिजोरीचा आहे. आपण काय तोंडाला लावावे हा प्रश्न शीलाचा आहे. दुकान उघडे आहे म्हणून शील सुटत नाही, आणि ते बंद झाले म्हणून शील पाळले गेले असेही होत नाही. सरकारी यादीत ‘अत्यावश्यक’ असा शिक्का बसला तर त्याचा अर्थ एवढाच, की बंद ठेवण्याची किंमत सरकारला उघडण्यापेक्षा जास्त वाटली.

ती किंमत कधी कधी खरोखरच जास्त असते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळेना म्हणून हात धुण्याचे सॅनिटायझर प्यायलेले सात जण मृत्युमुखी पडले. हे लोक घरपोच बाटली मागवणाऱ्यांपैकी नव्हते. घरपोच सेवेसाठी फोन, पैसे आणि परवाना लागतो. मजुराजवळ यांतले काय असते? त्यांच्यासाठी दुकान उघडणे आणि बंद ठेवणे या दोहोंखेरीज तिसरा मार्ग होता, तो म्हणजे उपचाराचा. पण अत्यावश्यक सेवांच्या चर्चेत व्यसनमुक्तीचे नाव आम्हाला क्वचितच ऐकू आले.

आपल्या वस्तीत असा कोणी असेल तर त्याची दारू घरच्यांनी दटावून एका दिवसात तोडू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. रोज किती पितो, शेवटची केव्हा प्याली, पूर्वी कधी आकडी आली होती का, एवढे लिहून बरोबर ठेवावे. जाणे शक्य नसेल तर केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाचा व्यसनमुक्ती मदत क्रमांक १४४४६ हा आहे.